दुसरी केबल

दवाखान्यात नंबराच्या बोर्डाकडे डोळे लावून बसलेल्या आजींच्या शेजारी नेटवर्कवाली आणि तिचे साहेब हुज्जत घालत होते.

"सर्व्हरला दोन केबल आहेत ना? एक गेली तरी दुसरी आहे."

"साहेब, दोन्ही केबलनी मिळून काम करावं म्हणून सेटिंगमध्ये त्यांची जोडी लावावी लागते. ती सर्व्हरवर लावली होती, केबलचं दुसरं टोक जातं त्या नेटवर्क स्विचवर लावायचीच राहिली होती. एका हाताने टाळी वाजते का? आज दोन्हीकडे लावली. आता एक उपटून बघते."

"भर गर्दीत? नंबरांचा बोर्ड त्याच सर्व्हरवर चालतो. तो बंद पडला तर लोक मला फाडून खातील!"

"पडायचाच असेल तर मी इथे असताना पडू दे."

"माझा नंबर होऊ दे गं आधी," आजी म्हणाल्या.

"आजी, तुमच्यासाठीच उपटतेय."

ती सर्व्हरच्या खोलीत गेलीसुद्धा. बोर्डावर नंबर सरकत राहिले. साहेबांनी घाम पुसत फोन लावला.

"अगं, उपटतेस कधी?"

"केव्हाच उपटली, साहेब. हातात धरून उभी आहे."