पाटीवरचा भाव

(गावाबाहेरच्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप. एकही गाडी नाही. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि म्हातारा पंपवाला डिझेलच्या दराच्या पाटीखाली उभे आहेत.)

धाकटा : म्हणजे तो आकडा तू देतेस?

ताई : मी देत नाही. पाटीवर दिसतो तो टिपून घेते आणि सरकारी आकडेवारीच्या ऑफिसात पोचवते. दर मंगळवारी.

धाकटा : आणि त्यावर महागाई ठरते.

ताई : एकट्या माझ्यावर नाही ठरत. पुष्कळ पंप आहेत, पुष्कळ माणसं हिंडतात. पण आपल्या भागातल्या डिझेलसाठी हाच एक पंप नेमलाय.

धाकटा : अगं, पण इथं डिझेल आहे कुठं? काका, शेवटचा टँकर कधी आला होता?

पंपवाला : उन्हाळ्याच्या आधी. मालकानं कंपनीचे पैसे थकवले, त्यांनी माल तोडला. मी आपला राखणीला बसतो. कुत्री हाकलतो, पाटी पुसतो.

धाकटा : पाटी पुसता. छान. म्हणजे भाव उन्हाळ्याआधीचा, पण चकचकीत. परवा पेपरात वाचलं, आपल्या भागात महागाईला लगाम बसला. बसला तो इथं, या कोरड्या टाकीत.

ताई : नियमच आहे तसा. माल नसेल तर शेवटचा भाव पुढे चालवायचा. दोन-चार दिवसांच्या टंचाईसाठी केला असेल कुणीतरी.

धाकटा : ताई, माझ्या दूध वाहतुकीच्या करारात काय लिहिलंय ठाऊक आहे ना तुला? सरकारी भाव हलला तरच भाडं हलणार. मी रोज पलीकडच्या पंपावर टेम्पो भरतो, तिथं भाव डोक्यावरून गेलाय. आणि डेअरीचा मॅनेजर म्हणतो, डिझेलचा भाव जिथल्या तिथं आहे, तुझीच गाडी खादाड. खोटं वाटत असेल तर सरकारी यादीतल्या पंपावर जाऊन बघ म्हणाला. म्हणून आलो. बघतो तर आमची ताई मान वर करून पाटी वाचतेय.

ताई : मला सांगायचं होतं रे.

धाकटा : कधी? दर रविवारी तुझ्याकडे जेवतो मी. ताटावर बसून त्या आकडेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्या पिढ्या आपल्याच निघाल्या. आणि तू शेजारी बसून अजून घे, अजून घे म्हणत होतीस.

ताई : काय बोलणार होते? तुझ्या भावजींचं काम सुटल्यापासून घर यावरच चाललंय. एकदा मी पलीकडच्या पंपाचा भाव लिहून दिला होता. साहेबांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, गोड बोलले, म्हणून जास्त भीती वाटली. म्हणाले, चूक झालीय, सुधारा. आणि तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय, ध्यानात आहे ना?

धाकटा : मग सुधारलीस?

ताई : सुधारली. लाज वाटते मला, पण सुधारली.

धाकटा : मॅनेजरनं संध्याकाळी बोलावलंय. हप्ते थकलेत, भाडं वाढलं नाही तर बँकवाले महिनाअखेर टेम्पो ओढून नेणार. तू चल माझ्याबरोबर. एवढंच सांग, पंप कोरडा आहे.

ताई : तो ऑफिसात फोन करेल. ऑफिस म्हणेल, भाव बरोबर आहे. मग मी घरी, आणि पुढच्या मंगळवारी दुसरी कुणी येऊन हीच पाटी वाचेल.

धाकटा : म्हणजे हात बांधून बसायचं.

ताई : एक करता येईल. काका, ही पाटी उतरवा. पाटीच नसली तर मला पंप बंद असं लिहावं लागतं. बंद पंपाच्या जागी आपोआप दुसरा नेमतात.

पंपवाला : मॅडम, मला यात ओढू नका.

ताई : तुम्हाला कोण विचारणार आहे? वाऱ्यानं पडली म्हणा.

पंपवाला : पंप चालू दिसला पाहिजे, तेवढ्यासाठीच मालक मला अर्धा पगार देतो. परवाना त्या दिसण्यावरच टिकलाय. पाटी गेली की परवाना गेला, मीही गेलो. बायकोची औषधं त्या अर्ध्या पगारातून येतात. या वयात मला दारात कोण उभं करणार?

धाकटा : शिडी कुठं आहे?

पंपवाला : खोलीच्या मागे. तुम्ही तरणे आहात, मी काही तुम्हाला अडवू शकत नाही.

ताई : जपून चढ. काका, तुम्ही आत जाऊन बसा. बघू नका.

पंपवाला : आत कशाला जाऊ?

ताई : काय झालं रे? वर पोचून थांबलास का? पाटी निघत नाही का?

धाकटा : निघेल. ढिलीच आहे.

ताई : मग?

धाकटा : खाली बघ ना. शिडी काकांनी धरलीय.

पंपवाला : फरशीवर तेल सांडलेलं आहे, शिडी घसरते. सांडून महिने झाले तरी जात नाही.

धाकटा : सोडा काका. उतरतो मी.

पंपवाला : सावकाश. आधी पाय टेका, मग सोडतो.

ताई : मग आता काय करायचं?

धाकटा : तू पाटीवरचाच भाव लिही. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचव.

ताई : आणि मॅनेजरला काय सांगशील?

धाकटा : काम सोडलं म्हणेन. भाव बरोबर आहे म्हणेन. आमच्या ताईनं स्वतः जाऊन बघितलाय.