तुझ्या सोयीनं

बहीण लोर्नाच्या पत्राला एल्डननं उत्तरच दिलं नव्हतं. 'थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊ का?' एवढंच तिनं विचारलं होतं. आज तो उत्तर घेऊन पिट्सबर्गच्या पोस्टात रांगेत उभा होता. पुढे दोघी मैत्रिणींची जुंपली होती.

"ट्रिश, तुझ्या एआय एजंटनं दातांच्या पेशंटांना रात्रभर अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे मेसेज पाठवले!"

"त्यात माझा काय दोष?"

"मेसेज पाठवायच्या टूलबद्दल त्याला सूचना कुणी लिहून दिली? 'सोयीनुसार पाठवावेत.' अगं, त्याची सोय चोवीस तास असते!"

"माणसाला कळलं असतं."

"कसलं कळतंय! माणूस भिडेनं गप्प बसला असता, एकही मेसेज गेला नसता."

"मग काय लिहू, जनेल?"

"कधी पाठवायचे, कधी नाही, सरळ लिही."

"फार हुकमी वाटेल गं."

"तो काय रुसणार आहे?"

एल्डन हळूच रांगेतून बाजूला झाला. पाकीट फोडून त्यानं 'तुझ्या सोयीनं ये' खोडलं आणि खाली लिहिलं, 'बुधवारी संध्याकाळी ये. रविवारपर्यंत जाऊ नकोस. टर्की मी भाजतोय, तू काही आणू नकोस.'

मग नवं पाकीट विकत घेतलं, पत्र त्यात घालून पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पुन्हा विचार करायच्या आत पेटीत टाकलं.