पडद्यावरच्या सटवीचे उपकार

मावशी : बाकी काहीही मागा. पाण्याचा पेला मी इथे ठेवणार नाही.

रानही : अहो मावशी, मला रक्तदाबाची गोळी घ्यायची आहे.

मावशी : घ्या की. मी समोर उभी राहते. गोळी गिळली की पेला माझ्या हातात द्यायचा. आमच्या हॉटेलातल्या या खोलीतली आसनं परवाच धुवून आणलीत.

रानही : खऱ्या आयुष्यात मी कोणाच्याही तोंडावर पाणी फेकलेलं नाही.

मावशी : असं तुम्ही मागच्या मालिकेत कोर्टातसुद्धा सांगितलं होतं.

रानही : ते लेखकाने लिहून दिलं होतं.

मावशी : आणि हे आत्ताचं? हे कोणी लिहून दिलंय?

रानही : घ्या तुमचा पेला. हे बघा, माझ्या मुलाचं ठरतंय. दोन्ही घरची माणसं आज पहिल्यांदा एकत्र जेवणार आहेत. मुलीची आई मला पहिल्यांदा बघणार आहे.

मावशी : पहिल्यांदा? ओक रानहीला? तुम्हाला न बघितलेली एक तरी आई या देशात दाखवा. आम्ही रोज जेवताना बघतो तुम्हाला. घास अडकतो, पण बघतो.

रानही : त्याचीच तर धास्ती आहे. मागचं स्थळ माझ्या या तोंडापायी मोडलं. मुलीच्या आजीने मला दारात पाहिलं आणि अंथरूणच धरलं. माझा हान्ग्योल मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. हेही मोडलं ना मावशी, तर तो परत कोणाला घरी आणायचा नाही. मला सांभाळून घेण्यात जन्म काढेल.

मावशी : मग मी सांगते ते ऐका. हसू नका.

रानही : मी हसण्याचा सराव करून आलेय!

मावशी : तो विसरा. तुम्ही हसलात की पुढच्या भागात कोणाचं तरी घर जातं.

रानही : मग तोंड करू तरी कसं?

मावशी : झोप आल्यासारखं करा. हं... आता पोटात दुखतंय असं वाटतंय. त्यातल्या त्यात हे बरं. थांबा, बाहेर कोणी आलंय. या या बाई, हीच खोली. घाबरू नका, मी दाराबाहेरच आहे.

मालसुक : ओकबाई? मी प्यो मालसुक. सेबोमची आई. गुन्सानहून आले.

रानही : या, या! पण तुम्ही एकट्या? मुलं? सेबोमचे बाबा?

मालसुक : ते सगळे गाडीत आहेत. शनिवार ना, डोंगरावर फिरायला जाणाऱ्यांची ही गर्दी. बसला रस्त्यात वेगळी वाट असते, मी बसने पुढे आले.

रानही : बसने? मुलांची गाडी असताना?

मालसुक : मुद्दाम. मुलं यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचं होतं. एकटीने.

रानही : असं. बसा ना. इकडे बसा, इथली जमीन खालून तापवलीय, ऊब मिळेल. हे तुमच्यासाठी... नाजू गावची नाशपाती आहेत. बाजारात जाऊन मी स्वतः एकेक निवडून आणल्यात.

मालसुक : रेशमी कापडात बांधून?

रानही : आवडलं नाही का कापड?

मालसुक : कापड छान आहे. तुम्ही दोन मालिकांमागे असंच बांधून नेलं होतं मुलीकडच्यांना. गाठ सोडली तर आत मुलीच्या वडलांच्या जुन्या भानगडीचे फोटो निघाले.

रानही : यात नाशपातीच आहेत हो! सोडून दाखवू?

मालसुक : नको, राहू द्या. माझा विश्वास आहे. नंतर सोडू, सगळ्यांसमोर.

रानही : तुम्ही दमला असाल. काय मागवू? खेकडा खाता? इथला सोया सॉसमधला खेकडा...

मालसुक : ओकबाई, तुम्ही इतकं गोड नका ना बोलू.

रानही : का?

मालसुक : माझ्या अंगावर काटा येतोय. पहिल्या भागात तुम्ही अशाच गोड असता. नवी सून म्हणते, किती भाग्यवान मी. मग जाहिराती लागतात.

रानही : मग मी कशी बोलू, ते तरी सांगा. रागावून बोलले तर पोलीस बोलवाल.

मालसुक : नाही, मला बोलायचंय. घरून पाठ करून आलेय मी. बसमध्ये परत परत म्हटलं. शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला. आणि आता तुमच्या डोळ्यांकडे बघितलं की... जीभच उचलत नाही.

रानही : कळलं. नका बोलू. मीच बोलते. तुम्ही नकार द्यायला आलाय. मुलांसमोर नको म्हणून आधी आलात, हा तुमचा भलेपणा. पण एक ऐका. ती दोघं वेगळं घर करतील. मी वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या नमस्काराला दिसेन. तोसुद्धा त्यांनी टीव्हीसमोर केला तरी चालेल. सेबोमने मला फोन करायचा नाही, माझं कौतुक करायचं नाही. तिला वाटेल ते ती करू दे. फक्त माझ्या तोंडाची शिक्षा माझ्या मुलाला देऊ नका.

मालसुक : तसं नाही हो.

रानही : मग कसं?

मालसुक : तुम्ही... म्हणजे अपमान समजू नका... तुम्ही जरा भिंतीकडे तोंड कराल का?

रानही : भिंतीकडे?

मालसुक : तुमची पाठ असली की मला बोलता येईल. पाठीची भीती नाही वाटत. पाठ तुमची कधी दाखवतच नाहीत.

रानही : जन्मभर दिग्दर्शक ओरडत आले, कॅमेऱ्याकडे पाठ नको, कॅमेऱ्याकडे पाठ नको. बरं. ही फिरले. आता?

(रानही आसनावर भिंतीकडे तोंड करून बसते. मालसुक तिच्या पाठीमागे, हात मांडीवर घट्ट धरून.)

मालसुक : हं. बरं वाटलं. तर... सेबोम झाली तेव्हाचं सांगते. आमच्या सासूबाई म्हणजे... गुन्सानच्या बंदरावर मासे वाळवायचं काम. मासळीवरचे कावळेसुद्धा त्यांना विचारून बसायचे. मला मुलगी झाली हे कळलं आणि त्या मासे साफ करायला निघून गेल्या. परत आल्या, पण बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप काही चुलीवर चढवलं नाही.

रानही : बाळंतिणीला सूप नाही?

मालसुक : मुलगा झाला असता तर शेजारणींनाही वाटलं असतं. मी आपली गार भातात पाणी घालून खात होते. ह्यांनी एकदा तोंड उघडलं, तर सासूबाईंनी कोयता दाखवला. माशाचाच, पण कोयता तो कोयता. नवऱ्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

रानही : आणि तुम्ही?

मालसुक : मी काय बोलणार? तर एक दिवस संध्याकाळी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी हाक मारली. टीव्ही त्यांच्या खोलीत. म्हणाल्या, ये, तुझीही मालिका बुडायला नको. मी पोरीला घेऊन कोपऱ्यात बसले. आणि तुम्ही आलात.

रानही : कोणती मालिका?

मालसुक : ती हो. टोफूच्या कारखान्यावाल्यांची. तुमच्या सुनेला मुलगी झाली होती. तिच्या आईने डबा पाठवला होता सुपाचा. तुम्ही तो डबा घेतलात, सुनेच्या समोर मोरीपाशी गेलात, आणि हळूहळू ओतलंत. थेंब न थेंब. वर म्हणालात, मुलगी देणाऱ्या पोटाला शेवाळ पचत नसतं.

रानही : आठवतं.

मावशी : बाई, भाज्यांच्या वाट्या आणू का आता... अगं बाई! हे काय? यांना भिंतीकडे बसवलंत? चांगलं केलंत. कोणीतरी हे आधीच करायला हवं होतं.

रानही : मावशी, दार ओढून घ्या.

मावशी : ओढलं. मी आतल्या बाजूनेच ओढलंय, बोला तुम्ही.

मालसुक : तर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं सटवे! बाळंतिणीचं सूप ओततेस? हात झडतील तुझे! आणि हातातला पर्सिमॉन, टोमॅटोएवढं फळ ते, टीव्हीला फेकून मारला. तुमच्या गालावर बसला.

मावशी : बरोबर बसला.

मालसुक : आणि मग टीव्हीकडे बघतच राहिल्या. जाहिराती लागल्या तरी उभ्याच. मी कोपऱ्यात, मांडीवर सेबोम. मी मान वर करत नव्हते. कारण तुम्ही निदान सूप ओतलंत, ओकबाई. आमच्याकडे ओतायला केलंच कुठे होतं?

रानही : मग?

मालसुक : मग सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांडी वाजायला लागली. मला वाटलं, आता माझ्यावर राग निघणार. तर तिळाच्या तेलात शेवाळ परतल्याचा वास आला. मोठा वाडगा आणून आदळला माझ्यापुढे. माझ्याकडे न बघता टीव्हीकडे हात करून म्हणाल्या, त्या सटवीला दाखव खाऊन. म्हणावं, आमच्या घरात असलं चालत नाही.

मावशी : अगं आई गं.

मालसुक : तेव्हापासून तेच. तुम्ही रात्री जे करायचात, त्याच्या उलटं दुसऱ्या दिवशी सासूबाई करायच्या. तुम्ही सुनेला माहेरी जाऊ दिलं नाहीत, सकाळी सासूबाईंनी मला हाताला धरून बसमध्ये बसवलं. वर माशांची टोपली. तुम्ही सुनेची शिकवणी बंद पाडलीत, सासूबाईंनी माझं नाव शिवणाच्या वर्गात घातलं. पुढेपुढे तर मला लोभच सुटला. मी मनात म्हणायची, आज ओकबाईंनी सुनेच्या फ्रिजला कुलूप लावावं.

रानही : का?

मालसुक : आमचा जुना झाला होता.

मावशी : मिळाला का?

मालसुक : दोन दारांचा. पण मग शेवटच्या भागात तुम्ही सुधारलात. सुनेचे पाय धरून रडायच्या बेतात होतात. सगळं गाव डोळे पुसत होतं आणि मला घोर लागला. म्हटलं, ही सुधारली, आता माझं कसं होणार?

रानही : मग कसं झालं?

मालसुक : सोमवारी दुसऱ्या वाहिनीवर, दुसऱ्या घरात, दुसरी सून घेऊन तुम्ही परत हजर. पहिल्याच दिवशी तिला थोबाडीत मारलीत. मला इतकं हायसं वाटलं! असं किती वर्षं चाललं. होता होता सासूबाईंना सवयच लागली चांगलं वागायची. मग मालिका नसली तरी चालायचं. आणि सेबोम... ती त्या सुपाच्या दुधावर वाढली, ओकबाई. तुम्ही सून निवडताय असं तुम्हाला वाटतंय. तुमचीच आहे ती. हेच पाठ करून आले होते. आणखी एक ओळ होती, ती विसरले.

मावशी : ओकबाई? ऐकलंत ना? ओकबाई... यांचे खांदे हलतायत बघा.

मालसुक : माझं काही चुकलं का?

रानही : मला थोडा वेळ असंच बसू द्या. मला रडताना कोणी बघितलेलं नाही. आणि बघितलं तर खरं वाटायचं नाही.

मावशी : पाण्याचा पेला... हा घ्या. भरलेला आहे. काय करायचं ते करा.

रानही : त्या दृश्यानंतर मंडईत एका बाईने मला मुळ्याने बडवलं होतं. टॅक्सीवाला अर्ध्या रस्त्यात उतरवून गेला. त्याचं काही नाही, ते कामाचंच कौतुक म्हणायचं. पण माझी आई... गावात लोक तिला विचारायचे, अशी कशी पोर जन्माला घातली? ती आठवड्याच्या बाजाराला जायची बंद झाली. मला म्हणायची, रानही, एकदा तरी एखाद्या सुनेला जेवू घालण्याचं काम घे गं. मला ते कोणी दिलंच नाही. ती तशीच गेली.

मालसुक : मग तिला सांगा ना आता. कबरीवर जाल तेव्हा सांगा, गुन्सानची एक सून जेवली. रोज जेवली.

रानही : तुम्ही याल माझ्याबरोबर? माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही.

मालसुक : येईन की. तिथे मात्र मी तुमच्या तोंडाकडे बघून बोलेन. तोवर सवय होईल.

मावशी : बघा बघा, गाडीची दारं वाजली खाली. आले वाटतं तुमचे लोक. ओकबाई, फिरा आता इकडे, नाक पुसा. पोरगं म्हणेल आईला कोणी काय केलं.

रानही : विचारतील ना, इतका वेळ काय बोलत होतात म्हणून. काय सांगायचं?

मालसुक : सांगू, पुढचं ठरवत होतो. सेबोमला मूल झालं की शेवाळाचं सूप कोणी करायचं ते.

रानही : ते तर मुलीच्या आईने करायचं असतं. तुम्हीच करणार.

मालसुक : नाही. तुम्ही करायचं.

रानही : मी?

मालसुक : तुम्हीच. माझी पोरगी आहे, मी ठरवणार.

रानही : मालसुकबाई, एक सांगते, हसू नका. मला ते करताच येत नाही. सेटवर तयार यायचं, मी नुसती ओतायची.

मालसुक : मग उद्या रविवार आहे, गुन्सानला घरी या. सासूबाई शिकवतील.