दिवाणखान्यातलं विमान

हॅलो?… अगं थांब ताई, हात ग्रीसने माखलेत, फोन निसटतोय… हं, बोल. खालच्या काकूंनी तुला फोन केला? मला सांगायला एक जिना चढवेना त्यांना?

…हो, झाला आवाज. एक स्प्रिंग सुटली, कपाटावर आदळली. त्यांचं छत आहे तिथेच आहे.

…विमान नाही गं, विमानाची खुर्ची. जुन्या मोटारीची सीट, खाली भंगारातला सांधा, म्हणजे चारी बाजूंना कलते. वायपरच्या दोन मोटारी. समोरची दांडी ओढली की नाक वर, ढकलली की खाली… वारा? वारा मी. मागे लांब दांडा लावलाय, तो धरून हलवते.

…कुठे शिकले म्हणजे? शिलाई मशीन दुरुस्त करायला कुठे शिकले होते? उघडून.

…सोफा बाल्कनीत. हे तिथेच पेपर वाचतात, खूश आहेत.

…नाही. नाही काढणार. अगं ऐक ना… आण भंगारवाल्याला. तुम्हा दोघांनाही पट्टा बांधून बसवीन!

…तिकीट काउंटरची नोकरी? वैमानिक व्हायला निघालेली पोर तिकिटं फाडेल? तूच कर ती नोकरी.

…हो, हो, पाठ. तिच्या पाठीला झेपेल का… ताई, त्या दिवशी उतरताना डावीकडच्या वाऱ्याने पंख उचलला, विमान घसरत गवतात गेलं, पोरीला ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून ती विमानात बसली नाही आणि आपण जगाला सांगतोय, पाठ. डॉक्टर म्हणतात, पाठ ठणठणीत. हे रोज गरम पाण्याची पिशवी भरून देतात. तीही बिचारी घेते, बापाचं मन मोडायला नको म्हणून.

…मी? मीही पाठच म्हणते. खरं ते बोलायचं नाही, माहेरचंच वळण ना.

…अगं, खुर्ची उभी केल्यापासून या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती ती. काल मी बसले, दांडी ओढली, नाक गेलं खाली. मोटारीच्या वायरी उलट्या जोडलेल्या! मला काय कळतंय, मी आपली हलतंय म्हणून टाळ्या वाजवतेय. तर दारातून आवाज, ‘आई, उलटं आहे. अशी उडालीस तर जमिनीत जाशील.’

…मुद्दाम? छे गं! एवढी हुशार असते तर कपाट फुटलं असतं का? पण तिला राहवेना. आली, मला उठवलं, वायरी स्वतः बदलल्या. वर रागावलीही. किती दिवसांनी रागावली, ताई!

…आत्ता? खुर्चीत आहे. पट्टा बांधून. म्हणून तर म्हणतेय, नंतर कर…

…नाही, मी नाही बसवलं. आपणहून बसली… डोळे मिटलेत. दांडी घट्ट धरलीय.

…एक मिनिट. काय गं बाळा?… काय?… बोल, मावशीच आहे फोनवर…

…

…ऐकलंस ताई?… नाही आलं ऐकू? ती म्हणतेय, ‘पाठ कधीच दुखत नव्हती. मला भीती वाटते.’

…

…अगं, तू का रडतेस? ती नाही रडत… हो. हो गं, मलाही वाटते. यांनाही. पेपर उलटा धरून बसलेत बाल्कनीत.

…नाही, उतरत नाहीये. डावीकडून वारा दे म्हणतेय. त्या दिवशीसारखा.

ठेवते आता. दोन्ही हात लागतात.