आपले सगळे आले?

...आणि वर मलाच विचारतो, "तुम्ही मोजलं नाही?" मी! अहो, बावीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलं मोजतोय मी! रोज सातशे-आठशे नग हाताखालून जातात, आजवर एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही, आणि मला मोजायला शिकवतोय कोण? तर शाळेत वेळापत्रक लावणारा हा मास्तर, ज्यानं एकदा एकाच वर्गावर एकाच तासाला गणिताच्या बाई आणि गाण्याच्या बाई दोघींना पाठवलं होतं! त्या पोरांनी काय केलं असेल... पाढे चालीत म्हटले असतील! पण करता काय, हा माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तुम्हाला सांगतो, शत्रू परवडला. शत्रू निदान सहलीला चला म्हणत नाही.

आणि सहल कुणासाठी होती? सासूबाईंसाठी! आम्हा दोघांत मिळून एकच सासू. वय एकाहत्तर, आणि बाईंनी समुद्र पाहिलेला नाही. सासरे होते तोवर "जाऊ गं, जाऊ" म्हणत राहिले आणि एक दिवस एकटेच गेले, तेही भलतीकडे. तेव्हापासून सासूबाई सहा महिने साडूकडे, सहा महिने आमच्याकडे. मागणं म्हणून काही नाही. भाजी खारट झाली तरी बोलणार नाहीत, पाणी पितील. फक्त एकदा म्हणाल्या, "पाण्यात पाय बुडवून उभं राहायचंय हो एकदा. गुडघे आहेत तोवर." आता मला सांगा, यात अवघड काय आहे? गाडी काढायची, जायचं, बाईंना पाण्यात उभं करायचं, परत यायचं! पण नाही! साडूला प्रवास सोपा करायचा होता!

त्यानं कुठेतरी वाचलं, 'कुटुंबासह प्रवास सोपा करण्याच्या युक्त्या'. झालं! त्यात त्याच्या घरी लॅमिनेशनचं मशीन. ज्याच्या घरात लॅमिनेशनचं मशीन आहे ना, त्या माणसापासून लांब राहा, हात जोडून सांगतो! नऊ जणांना नऊ पत्रकं, लॅमिनेट केलेली, गळ्यात अडकवायला दोरी! साडेसहा, गाडीत बसणे. दहा वीस, चहा. दहा चाळीस, उठणे. दहा चाळीस ते अकरा चाळीस, मौन. मौन! का? तर म्हणे ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर राहतं! चार वाजता समुद्र. पाच दहाला समुद्र संपला! मी म्हटलं, "अहो, तो काय तास आहे घंटा वाजली की संपायला?" तर हसला. तुच्छतेनं हसला हो!

मग निघाल्या नऊ नारिंगी टोप्या. "साडूभाऊ, गर्दीत माणूस शोधायचा नाही, टोपी शोधायची. म्हणजे कसं... आपलं सोपं!" हे त्याचं पालुपद, बरं का. मग सगळ्यांचे फोन गोळा करून एका पिशवीत, आणि पिशवी त्याच्या मांडीवर. "पोरं त्यात डोकं घालत नाहीत, हरवत नाहीत, म्हणजे कसं... आपलं सोपं!" मी विचारलं, "आणि कुणाला फोन करायचा झाला तर?" तर म्हणतो, "कुणाला करणार? सगळे तर गाडीतच असणार!" हे वाक्य लक्षात ठेवा. मी मरेपर्यंत ठेवणार आहे.

आणि शेवटची युक्ती, सगळ्यांत भारी! "सगळ्यांनी सगळ्यांना मोजायचं कशाला? गोंधळ होतो. ज्यानं त्यानं आपापली माणसं मोजायची. मी माझी चार, तुम्ही तुमची चार. म्हणजे कसं..." म्हणा, तुम्हीच म्हणा आता! पण खरं सांगतो, चार आणि चार आठ, आणि गाडीत माणसं नऊ, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. पार्सलवाल्याच्या!

दहा वीसला चहाला थांबलो. पेट्रोल पंपाला लागून एक उपाहारगृह, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे स्वच्छतागृह, आणि त्याच्यापुढे ही लांबलचक रांग, कारण आमच्याआधी तीस-एक बायकांची एक बस येऊन थांबलेली. सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या. जाताना टोपी खाजते म्हणून काढून ठेवली, मागच्या सीटवर, आपल्या बॅगेवर. बॅगेला शाल गुंडाळलेली. आलं का लक्षात? शाल, वर टोपी!

दहा चाळीस. साडूनं शिट्टी फुंकली. हो, शिट्टी होती! पळत पळत बसलो. चहा अर्धा तसाच. ड्रायव्हरनं मान वळवली आणि विचारलं, "आपले सगळे आले?"

आता हा 'आपले' शब्द बघा किती हरामखोर आहे! ड्रायव्हरनं विचारलं म्हणजे तुमचे. साडूनं ऐकलं, त्याचे. एक, दोन, तीन, चार. मी ऐकलं, माझे. एक, दोन, तीन, चार. मागे नारिंगी टोपी दिसतेय. "आले!" दोघंही एका सुरात! लग्नाला सोळा वर्षं झाली, आमचं दोघांचं एकमत झालं ते तेवढं एकदाच.

आणि मग मौन! एक तास! कुणी आजीशी बोलेना, आजी कुणाशी बोलेना, आणि साडू आरशातून माझ्याकडे बघतोय, की पाहा, किती शांत प्रवास! शांत असणारच! अकरा चाळीसला मौन सुटलं, त्याची धाकटी बिस्कीट घेऊन मागे वळली आणि किंचाळली, "बाबा, टोपीखाली आजी नाहीये!"

काय सांगू तुम्हाला... ड्रायव्हरनं ब्रेक मारला, माझी बायको ओरडली, "आईला फोन लावा, आधी फोन लावा!" साडूनं पिशवीतून फोन काढला, लावला, आणि सगळे जीव मुठीत धरून ऐकतोय, तर वाजतंय! वाजतंय! कुठे? त्याच्या मांडीवर! पिशवीत! "सगळे तर गाडीतच असणार"!

मग भांडण. मी म्हटलं, "तुमच्याकडे होत्या ना? तुमचे सहा महिने चालू आहेत!" तर म्हणतो, "काल संपले. आज एक तारीख. आजपासून तुमच्याकडे!" मी म्हटलं, "तारीख गेली खड्ड्यात! आमच्या घराचा उंबरा ओलांडला का त्यांनी? पोच दिली का मी? पोच मिळेपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची असते!" तो म्हणतो, "गाडीत बसल्या तेव्हाच हस्तांतर झालं!" असे दोघं आम्ही, गळ्यात लॅमिनेशन, डोक्यावर नारिंगी टोप्या, रस्त्याच्या कडेला उभे राहून... आणि माझी बायको हळूच म्हणाली, "माझी आई पार्सल आहे का?"

ओरडली असती तर चाललं असतं हो. हळू म्हणाली.

परतीचा तो एक तास! त्याला मौन लावायची गरज पडली नाही. मला लाज वाटत होती, सरळ सांगतो. आमच्याकडे कधीकधी एखादं पार्सल येतं, वर दोन पत्ते. एक खोडलेला, एक नीट न लिहिलेला. ते कुठेच पोचत नाही. हे टेबल म्हणतं त्यांचं, ते टेबल म्हणतं ह्यांचं, आणि ते राहतं कपाटाखाली. मी अशी पार्सलं स्वतः सरकवलीत पलीकडे, पायानं. खिडकीतून बाहेर बघत मला तेच आठवत होतं, आणि म्हातारीचे गुडघे आठवत होते, आणि रांगेतून बाहेर आल्यावर गाडी नाही म्हटल्यावर ती कुणाकडे बघत असेल...

उपाहारगृहात पोचलो. खुर्च्या रिकाम्या. गल्ल्यावरच्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आलात का! आजी म्हणाल्याच होत्या, दोन टोपीवाले येतील, भांडत येतील."

मी म्हटलं, "कुठे आहेत त्या?"

"गेल्या की! त्या बसमधल्या बायकांबरोबर. सगळ्या रिटायर झालेल्या नर्स. मी विचारलं, आजी, बरोबर कुणी नाही का? तर म्हणाल्या, 'जावई आहेत दोन. म्हणजे... आहेत.' मग गळ्यातला कागद दाखवला. चार वाजता समुद्र लिहिलंय, बस तिकडेच चाललीय, मी थेट तिथेच जाते म्हणाल्या. चहा पिऊन गेल्या. पूर्ण!"

ते 'पूर्ण' त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं.

सुटलो मागोमाग. साडू म्हणतो डावीकडे, मी म्हणतो उजवीकडे, त्या नादात फाटा चुकला, आणि पोचलो तेव्हा वाजले होते साडेपाच. पत्रकाप्रमाणे समुद्र संपून वीस मिनिटं झाली होती! पण होता तिथे. आणि त्याच्यात, गुडघाभर पाण्यात, कपडे वर धरून सासूबाई उभ्या, डावीकडे एक नर्सबाई, उजवीकडे एक नर्सबाई, आणि लाट आली की तिघी मिळून ओरडतायत! इतक्या मोठ्यानं! आमच्या घरात या बाईनं कधी भांडं वाजवलेलं नाही!

माझी बायको तशीच चपलांसकट पाण्यात गेली आणि गळ्यात पडून रडायला लागली. तर सासूबाई म्हणतात, "अगं, रडतेस काय? बघ तरी, केवढा आहे!"

आणि हा... हा माझा साडू, काठावर बूट हातात धरून, म्हणतो काय माहितेय? "बघितलंत? पत्रक गळ्यात होतं म्हणून आई वेळेवर पोचल्या! वेळेवर पोचल्या त्या एकट्याच! म्हणजे कसं..." सासूबाईंनी फक्त मान वळवून पाहिलं. पुढचं त्यानं गिळलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा!

पण पाच मिनिटं. पाचच मिनिटं! लगेच, "आई, पुढच्या वर्षी डोंगरावर जाऊ, या वेळी मोजणी दोनदा." आणि मला मूर्खाला राहवलं नाही, मी म्हटलं, "मोजणी मी करणार, पावती फाडून करणार!" हा म्हणतो मी, मी म्हणतो मी, आणि सासूबाई पाण्यातून बाहेर आल्या, पाय झटकले, वाळू झटकली, आणि म्हणाल्या, "जावईबापू, भांडू नका. या बायका दर वर्षी जातात, मी नाव दिलंय."

आता ऐका. सोळा वर्षं मी जावई आहे. बाईंनी मला 'हिचे हे' म्हटलं, साडूला 'तिचे ते' म्हटलं, चारचौघांत 'आमच्या मुलींचे यजमान' म्हटलं. 'आपले' म्हणून कधी म्हटलं नाही. त्या दिवशी तेही म्हटलं. आम्हा दोघांकडे बघून, अगदी मायेनं म्हणाल्या...

"मी जाऊन येईन. तुम्ही दोघं आपले घरीच बसा."