खुडबुडीचा जास्तीचा ठोका

आजच्या या हृद्य समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि रेकॉर्ड कंपनीचे मालक, व्यासपीठाची शोभा वाढवणारे थोर संगीत समीक्षक, ज्यांच्या पहिल्यावहिल्या अल्बमचं कौतुक करायला आपण जमलो ते बँडचे तीन उरलेले कलावंत, आणि मघापासून माना उंचावून यंत्राकडे बघणाऱ्या रसिकहो,

मी गादीवाली. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी मला बोलायला उभं केलंय, कारण हा अल्बम माझ्या गाद्यांच्या गोदामात तयार झाला. शिवाय आज जिला सन्मानपूर्वक निरोप द्यायचा आहे, ती ड्रमवाली माझी सख्खी भाची. लहानपणी हाताला लागेल ते वाजवत सुटायची, म्हणून घरात ती खुडबुडी. ती बघा, पहिल्या रांगेतून मला डोळ्यांनी दटावतेय. दटाव बाई, माइक माझ्याकडे आहे.

ही मंडळी वाजवतात त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे पर्यायी. मी गायकाला विचारलं, "अरे, पण कशाला पर्याय?" तो म्हणाला, "मावशी, सगळ्यालाच!" तेव्हापासून मी विचारणं सोडलं. ते वाजवायचे, मी गाद्यांना टाके घालत ऐकायचे. आपल्या समीक्षक महोदयांनी लिहिलंय की या अल्बमच्या ध्वनीत एक दबलेली, अंतर्मुख वेदना आहे. किती सुंदर लिहिलंत हो! चारी भिंतींना छतापर्यंत कापसाच्या गाद्या रचलेल्या. वेदना बाहेर पडणार तरी कुठून?

अल्बम यायच्या आधी त्यातलं एकेक गाणं सुटं सोडतात, त्याला सिंगल म्हणतात. आम्ही दुकानाच्या दाराशी एक उशी ठेवतो, गिऱ्हाईक येता-जाता दाबून बघतं, तशातलाच प्रकार. पहिलं सिंगल नातेवाइकांनी ऐकलं. त्यातही खुडबुडीच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, अर्ध्यात विचारलं, "छान आहे गं, पण गाणं कधी सुरू होणार?" दुसरं मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. रिक्षात तेच, सलूनमध्ये तेच. सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो, मग गायक येतो, ते तुम्हा सर्वांना तोंडपाठ असेलच.

आणि मग कंपनी आली. अध्यक्ष महोदयांनी चौघांना ऑफिसात बोलावलं, गार पाणी दिलं आणि म्हणाले, "बाकी सगळं झकास. पण दुसऱ्या गाण्यात मुलगी चुकते. गायक यायच्या आधी एक ठोका जास्त पडतो. कानाला खटकतं." तिच्या जागी ड्रम वाजवणारं यंत्र आणायचं ठरलं. बरोबरच आहे. यंत्र चुकत नाही, रुसत नाही, पोस्टरवर जागा मागत नाही. लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं ते त्या चुकीसकट घेतलं, हे कंपनीला कोण सांगणार?

गायक मला भेटायला आला. म्हणाला, "मावशी, आमचा नाइलाज आहे." नाइलाज झालेल्या माणसाला नवं जॅकेट मात्र शोभून दिसत होतं.

आणि खुडबुडी? ती घरी आली आणि उशीत तोंड खुपसून पालथी पडली. मी हाक मारली तर म्हणे, "मावशी, झोप आलीय." उशी माझ्याच दुकानातली, किती भिजली ते मला हात लावल्यावर कळलं. खरं सांगते, माझा जीव तुटला. त्या ड्रमपायी तिनं आलेली नोकरी नाकारली होती हो.

"मावशी, बस ना आता!"

ऐकलंत? तीच बोलली. बसते गं, थोडक्यात बोलायला सांगितलंय, थोडक्यातच बोलतेय. पण तो ठोका राहिला ना! गोदामात मी तो रोज ऐकायचे. एकदा न राहवून विचारलं, "काय गं, तो एक जास्तीचा कशाला मारतेस?"

"मावशी, नको!"

तर ही म्हणाली, "अगं, गायचं म्हटलं की त्याचा श्वास अडकतो. दर वेळी उशिरा येतो. मी एक ठोका जास्त मारून त्याच्यासाठी थांबते, मग तो बरोबर येतो. त्याला सांगू नकोस हं, बिचारा आधीच घाबरलेला असतो."

चूक ती हीच, अध्यक्ष महोदय. तिनं ऑफिसात तोंड उघडलं असतं, तर आज तिच्या खुर्चीत बसून निरोप कुणी घेतला असता, याचा विचार आपण सवडीनं करावा. ती बोलली नाही. मला मात्र पोटात काही ठेवता येत नाही.

असो. मला दोन शब्दांची संधी दिलीत, त्याबद्दल कंपनीचे आभार. गोदामात रेकॉर्डिंग चालू असताना सुई टोचली तरी ओरडायचं नाही, हे शिकवल्याबद्दल बँडचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. ज्यांचं मुद्दाम दुखावलं, त्यांनी घरी जाऊन सावकाश माफ केलं तरी चालेल.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे तेच दुसरं गाणं होईल. यंत्र तयार आहे. गायक महाशय, या पुढे. असे घामाघूम होऊ नका, पाणी प्या, आणि वेळेवर सुरू करा बाळा. यंत्र थांबणार नाही.