शेवटचं धड कधी बघितलंत?

बस गं, बस — त्या दाराकडे बघून दार उघडत नसतं. तुझ्या भावाचा पायच मोडलाय ना, मग घाई कसली, पाय काही पळून जात नाही. आणि सरकारी दवाखाना म्हणून नाक मुरडत होतीस ना मघाशी? माझे हे आत आहेत, त्या मोठ्या गोल मशीनमध्ये, डोक्याचा फोटो काढायला. आत रक्ताची गाठ अडकलीय की रक्त सांडलंय ते बघतात म्हणे. सांडलं नसेल तर सुई देतात, गाठ विरघळायची. फुकट. रांग नाही, कागद नाही, ढकलत सरळ आत नेलं. तुम्हाला नेलं का तसं? नाही ना. सोबत आलेल्या आरोग्यसेविकेनं गाडीतच पढवलं होतं मला — आजी, खिडकीपाशी कागद काढत उभ्या राहू नका, दारातच सांगा, तोंड वाकडं झालंय, हात पडलाय, बोलता येत नाही. मी तर बोंबच मारली. पाच दिवस तोंड शिवून बसलेली, आवाज चांगला साठलेला होता.

तोंड शिवून का म्हणजे? अबोला होता आमचा. हे शिंपी. पन्नास वर्षं मशीन भिंतीशी होतं, ते उचलून आणलं खिडकीशी, माझ्या बसायच्या जागेवर. दोरा ओवायला दिसत नाही म्हणे. आणि मला दिसते का भाजीतली अळी? उजेड काय एकट्याचा असतो? झालं, तेव्हापासून बंद. आमच्यात पद्धत अशी, की आधी बोलेल तो हरला. चहा हवा असला की हे टेबलावर कात्री दोनदा वाजवतात, मी कप आपटते, संसार चालतो. आजवर एकदाही मी हरलेली नाही, खोटं नाही सांगत.

तर आज कात्री वाजली नाही, खालीच पडली. म्हटलं, आता फेकाफेकीवर आले. चहा ठेवला, तो डाव्या हातानं उचलला, आणि अर्धा ओठाच्या कडेनं सदऱ्यावर. म्हटलं, माझ्या चहाला नावं ठेवायची ही नवीन तऱ्हा. पुसला मी, पण तोंडाकडे नाही बघितलं — बघितलं की मला हसू येतं, आणि हसणं म्हणजे अर्धं हरणंच. मग बोलले. काय बोलले? कोण जाणे, तोंडात बोळा कोंबल्यासारखं काहीतरी. मला वाटलं, वेडावतात. पण आधी बोलले ना, म्हणजे मी जिंकले. पाठ फिरवून भाजी निवडायला बसले, आणि इतकी खूश, की पानं टाकून देठच पातेल्यात भरले.

अकराला खुर्चीवरून घसरले. आरोग्यसेविका शेजारी आलेली, बाळाच्या लशीची आठवण द्यायला — ती धावली. म्हणाली, आजोबा, हसा बघू. मी म्हटलं, बाई, पन्नास वर्षांत मला नाही ते जमलं. तर हसले गं. डावा गाल हसला. उजवा तसाच लोंबत राहिला. दोन्ही हात वर करायला सांगितले, उजवा आलाच नाही. तिनं तिथल्या तिथे फोन करून गाडी बोलावली, पाणीसुद्धा पाजू नका म्हणाली, आणि मला विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आत्ता, अकराला.

इथे त्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. शेवटचं धड कधी बघितलंत त्यांना? नीट आठवा, साडेचार तासांच्या आतच ही सुई चालते, नंतर दिली तर डोक्यात रक्त सांडायची भीती. तीनदा मी अकराच म्हटलं. लिहून घेतलं तिनं. मग काय सांगू — सदऱ्यावर चहा सांडला तेव्हा मी जिंकत होते म्हणून? पोर माझ्या नातीएवढी. लाज वाटते गं. आणि तो चहा काही फार आधीचा नव्हे. कात्री पडली तेव्हा समोरच्या शाळेची घंटा — थांब. दुसरी ना, दहाची, मधल्या सुट्टीची? दुसरीला फाटक लावतात. फाटक तर उघडं होतं, मुली वेण्या उडवत आत चालल्या होत्या. पहिली मग. पहिली साडेसातची.

ते वरचं घड्याळ चालतंय का? सव्वाबारा? साडेआठ, साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा — चार झाले. साडेचार बाराला झाले.

अशी काय बघतेस? खरं सांगितलं तर सुई देणार नाहीत. नाही सांगितलं तर देतील, माझ्या शब्दावर देतील, आणि मग… तू बोलू नकोस, मला मोजू दे. मोजलंच आहे. परत मोजून काय सकाळ पुढे सरकणारेय?

पाय घे बाजूला. पिशवी बघ माझी. हे दार ढकलायचं की ओढायचं — अहो डॉक्टरीणबाई, सुई थांबवा. अकरा नाही. साडेसात.